चौथा रकाना रिकामा राहतो: हवामानसंकटाची गाजलेली पुस्तकं आणि मुंबईचा वाचक

प्रश्न असा आला आहे: दिवाळी अंकासाठी हवामानबदलावर मोठा लेख लिहायचा आहे, इंग्रजीतली गाजलेली पाच-सहा पुस्तकं वाचून झाली आहेत. हे लेखक वाचकाला हलवण्यासाठी विषय कसा मांडतात, आणि त्यातलं मुंबईच्या मराठी वाचकासाठी काय घ्यावं, काय सोडावं?

आधी एक साधं हत्यार देतो. रॉबर्ट एन्टमन या माध्यम-अभ्यासकाने 1993 मध्ये कोणत्याही मांडणीचे चार भाग सांगितले: अडचण काय आहे, ती कशामुळे आली, त्यात बरोबर-चूक कुणाचं, आणि उपाय काय. वहीत चार रकाने आखा आणि पुस्तकाचं प्रत्येक प्रकरण संपलं की प्रत्येक रकान्यात एकेक वाक्य लिहा. तीन पुस्तकं झाली की चित्र दिसायला लागतं. पहिला रकाना ओसंडून वाहतो, दुसरा-तिसरा बऱ्यापैकी भरतो आणि चौथ्यात ‘जागे व्हा’, ‘आवाज उठवा’, ‘विचारपूर्वक मतदान करा’ एवढंच उरतं. चौथ्या रकान्यातलं वाक्य पुरं केव्हा मानायचं? त्यात कर्ता, कृती, ठिकाण आणि मुदत या चारही गोष्टी असतील तेव्हा. ही कसोटी कडक आहे, पण तिच्याशिवाय लेख नुसता हळहळीवर संपतो.

या कसोटीवर सगळ्यात चांगलं उतरणारं पुस्तक हवामानबदलावरचं नाहीच. रेचेल कार्सन यांचं ‘सायलेंट स्प्रिंग’ 1962 चं. त्याची सुरुवात एका काल्पनिक गावाने होते, जिथे वसंत येतो पण पक्षी गात नाहीत. पुढच्या पुष्कळ पर्यावरण-लेखकांनी ही सुरुवात उचलली. पण ते पुस्तक चाललं त्याचं अर्धं श्रेय त्यातल्या नेमक्या वस्तूला आहे. डीडीटी हे कीटकनाशक आणि त्याची भावंडं, ती फवारणारी खाती, ती विकणाऱ्या कंपन्या. वाचकाला काय थांबवायला सांगायचं ते कळत होतं, आणि अमेरिकेत 1972 मध्ये डीडीटीच्या बहुतेक वापरावर बंदी आली. कार्बन डायऑक्साइडचं तसं नाही. तो सिमेंटमध्ये आहे, विजेत आहे, प्रवासात आहे. सुरुवात कार्सनची घेतली आणि वस्तू मात्र धूसर ठेवली, तर हाती नुसती भीती राहते.

भीतीच्या मांडणीचं टोक म्हणजे पत्रकार डेव्हिड वॉलेस-वेल्स. ‘न्यूयॉर्क’ मासिकातला त्यांचा 2017 चा लेख त्या मासिकाच्या इतिहासातला सर्वाधिक वाचला गेलेला लेख ठरला, आणि 2019 मध्ये त्याचं पुस्तक झालं. पद्धत अशी: उष्णता, उपासमार, रोगराई, युद्ध अशी एकेक आपत्ती घ्यायची, शक्यतांच्या पट्ट्यातलं वाईट टोक पकडायचं आणि वाचकाला श्वास घ्यायला जागा द्यायची नाही. मायकेल मान यांच्यासारख्या हवामानशास्त्रज्ञांनी तेव्हाच हरकत घेतली. वॉलेस-वेल्स यांनीही 2022 मध्ये लिहिलं, की सर्वांत वाईट चित्र आता कमी संभवनीय दिसतं. जग दोन ते तीन अंशांच्या मधे कुठेतरी जाईल असं दिसतं. याचा अर्थ सगळं आलबेल आहे असा नाही. दोन-अडीच अंशही भयंकरच. पण 2017 च्या लेखातले आकडे आज जसेच्या तसे मराठीत आणले, तर वाचकाला अनेक वर्षं शिळी भीती वाढली जाते.

भीती चालते की नाही, यावर आता मोजून पाहिलेलं उत्तर आहे. 2024 मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये आलेल्या एका अभ्यासात 63 देशांतल्या 59 हजारांवर लोकांवर 11 वेगवेगळ्या मांडण्या वापरून पाहिल्या. भीती-चीड जागवणाऱ्या मजकुरामुळे समाजमाध्यमांवर पुढे पाठवण्याची तयारी सर्वांत जास्त वाढली, सुमारे 12 टक्क्यांनी. पण ज्या कामात प्रत्यक्ष कष्ट होते (कंटाळवाणं काम पुरं केलं की झाड लावलं जाणार होतं), तिथे त्याच मजकुराने लोक मागे हटले. भविष्यातल्या एखाद्या मुलाला पत्र लिहायला लावलं तेव्हा धोरणांना पाठिंबा वाढला. संकट आपल्या गावात, आपल्या काळात आणून दाखवलं तेव्हा विश्वास वाढला. हे दोन्ही परिणाम दोन-अडीच टक्क्यांचे, म्हणजे छोटे. एका लेखाने माणूस बदलतो या भ्रमात राहू नये. आणि व्हॉट्सॲपवर लेख फिरला म्हणजे तो लागू पडला असंही समजू नये.

संवाद-अभ्यासक किम विट यांनी 1992 मध्ये यामागचं कारण नीट मांडलं होतं. धोका मोठा वाटला आणि हातात करण्याजोगं काहीच दिसलं नाही, तर माणूस धोक्याऐवजी स्वतःच्या भीतीला आवरायला लागतो. ‘हे सगळं अतिशयोक्त आहे’, ‘आपल्या हयातीत नाही होत’, ‘चला, पान उलटा’. म्हणून लेखात नियम ठेवा: धोक्याचा परिच्छेद आला की पुढच्या दोन परिच्छेदांत त्याच आकाराची, त्याच ठिकाणची कृती यायलाच हवी. पृथ्वीचा विनाश आणि त्यावर कापडी पिशवी, ही जोडी वाचकाला हास्यास्पद वाटते, आणि ते बरोबरच आहे.

दुसरी लाडकी मांडणी मुदतीची. आंतरसरकारी हवामान मंडळाच्या (आयपीसीसी) ऑक्टोबर 2018 च्या अहवालात म्हटलं होतं, की तापमानवाढ दीड अंशावर थोपवायची तर 2030 पर्यंत कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन 2010 च्या तुलनेत सुमारे 45 टक्क्यांनी घटावं आणि 2050 च्या सुमारास निव्वळ शून्यावर यावं. याचं ‘फक्त 12 वर्षं उरली’ झालं. मुदत दिली की लोक धावतात हे खरं. पण मुदत उलटून गेल्यावर जग तसंच दिसलं, तर पुढच्या इशाऱ्याची किंमत जाते. 2024 हे पहिलं पूर्ण वर्ष दीड अंशाच्या वर गेलं आणि दुसऱ्या दिवशी लोकल वेळेवर (म्हणजे नेहमीइतक्याच उशिरा) सुटली. एका वर्षाने ती मर्यादा कायमची ओलांडली असं होत नाही, ती अनेक वर्षांच्या सरासरीवर मोजतात. लेखात ‘कडा’ दाखवण्यापेक्षा ‘उतार’ दाखवा: प्रत्येक दशांश अंशाला किंमत आहे, 1.6 हे 1.7 पेक्षा बरं.

आता मुंबई. ऑक्टोबर 2019 मध्ये ‘क्लायमेट सेंट्रल’च्या संशोधकांचा एक अभ्यास आला आणि ‘2050 पर्यंत मुंबई पाण्याखाली’ असा लाल-निळा नकाशा घरोघरी पोचला. त्या अभ्यासात प्रत्यक्षात काय होतं? जमिनीची उंची मोजण्याची सुधारलेली पद्धत, आणि त्यानुसार वर्षातून सरासरी एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीखाली जगभरात सुमारे 30 कोटी लोकांची वस्ती येईल हा निष्कर्ष. समुद्रभिंती, बांध, पंप त्यात धरलेले नव्हते. म्हणजे रंगवलेला भाग ‘कायमचा बुडालेला’ नसून ‘धोक्याच्या पातळीखालचा’ होता. वाचकाने नकाशा पाहिला, दादर निळं दिसलं, आणि दुसऱ्या दिवशी दादरलाच फ्लॅटचा भाव चढलेला ऐकला. दोन्हीपैकी कशावर तो विश्वास ठेवणार?

समुद्राची पातळी मुंबईत समजवायची असेल तर गेट वे बुडवू नका, गटारं उघडा. 1901 ते 2018 या काळात जागतिक सरासरी समुद्रपातळी सुमारे 20 सेंटिमीटर वाढली. एक वीत. जिथे उधाणाच्या भरतीचं पाणी साडेचार-पाच मीटर चढतं, तिथे एका विताचं काय, असं वाचक म्हणेल. पण शहराच्या पर्जन्यजलवाहिन्यांची बहुतेक मुखं भरतीच्या पातळीखाली उघडतात. भरती असताना पाणी बाहेर जात नाही; दरवाजे बंद ठेवावे लागतात, नाहीतर समुद्रच आत येतो. जुन्या वाहिन्या ताशी 25 मिलिमीटर पावसासाठी होत्या. ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात ती क्षमता 50 मिलिमीटर करायचं ठरलं आणि हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर इथे पंपिंग स्टेशनं आली. पातळी एक वीत वाढली म्हणजे दरवाजे बंद ठेवण्याचा वेळ वाढला आणि उतारावरून पाणी वाहून जायला मिळणारा वेळ आखडला. त्यात तासाला 60-70 मिलिमीटरची सर आली की दादरजवळचं सखल हिंदमाता भरलंच. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा हाच हिशेब टोकाला गेला. साडेचार मीटरवरच्या भरत्यांची यादी महापालिका दर पावसाळ्याआधी जाहीर करते. ती यादी लेखात चौकट म्हणून छापा. वाचक ती कापून फ्रिजवर लावेल. वितळणाऱ्या हिमनगाचा फोटो कुणी लावत नाही.

अमिताव घोष यांचं 2016 चं ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ मुंबईकराने वाचलंच पाहिजे, कारण मुंबईवर थेट चक्रीवादळ आलं तर काय, हा प्रश्न त्यात सरळ विचारला आहे. त्यांचं म्हणणं असं, की आशियातल्या जुन्या वस्त्या उघड्या समुद्रापासून आत असत. मुंबई, मद्राससारखी उघड्या किनाऱ्यावरची शहरं ही वसाहतकाळाची देन. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं आणि 17 मे 2021 ला ‘तौक्ते’ मुंबईच्या बाजूने गेलं, तेव्हा पुष्कळांनी हे पुस्तक पुन्हा उघडलं. पण मांडणीच्या दृष्टीने त्यातली सर्वांत उपयोगी जागा वेगळीच आहे. घोष आपल्या आईला सांगतात, की कोलकात्याचं घर धोक्यात आहे, दुसरीकडे जाऊ या. आई त्यांच्याकडे वेड लागल्यासारखं पाहते. नातेवाईक, डॉक्टर, बाजार, सवयी सगळं तिथे. धोका पटला तरी एकट्या कुटुंबाला हलता येत नाही, हे त्यांना तिथे कळतं. वीस वर्षांचं कर्ज फेडणाऱ्या कांदिवलीच्या वाचकाला ‘स्थलांतर करा’ सुचवणारा लेख, त्या आईला घोष वाटले तितकाच वेडगळ वाटेल. त्याच्या हातात सोसायटी आहे, वॉर्ड आहे, वीजबिल आहे.

खलनायकाच्या मांडणीवर फार रेंगाळत नाही. नेओमी ओरेस्केस आणि एरिक कॉनवे यांनी 2010 मध्ये तंबाखू उद्योगाची संशय पेरण्याची रीत तेल उद्योगाशी जोडून दाखवली. नेओमी क्लाइन यांनी 2014 मध्ये भांडवलशाहीलाच उभं केलं. मान यांनी 2021 मध्ये सांगितलं, की ‘तुमचा कार्बन ठसा किती’ हा प्रश्न एका तेल कंपनीच्याच जाहिरातींनी लोकप्रिय केला. सगळं खरं. अडचण एवढीच, की शत्रू सापडला की वाचक सुटकेचा श्वास टाकतो.

न्यायाची मांडणी मात्र आपल्याकडची आहे आणि ती इंग्रजी पुस्तकांच्या यादीत बहुधा राहून जाते. अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी 1991 मध्ये जगण्यासाठीचं उत्सर्जन आणि चैनीचं उत्सर्जन यांत फरक करा, असं मांडलं. भाताच्या शेतातला मिथेन आणि मोठ्या गाड्यांचा धूर एका तराजूत घालू नका. मराठी वाचकाला हे लगेच पटतं, अंमळ जास्तच पटतं. ‘आधी अमेरिकेने करावं’ म्हणून तो मोकळा होतो. ग्रीनपीस इंडियाने 2007 मध्ये याची दुसरी बाजू दाखवली होती: गरिबांमुळे कमी दिसणारी देशाची सरासरी पुढे करून देशातला सधन वर्ग तिच्या आड लपतो. मुंबईत हे एकाच पिनकोडात दिसतं. वरळी कोळीवाडा आणि त्याच्या मागचे टॉवर. न्यायाचा मुद्दा घेतला तर तो वॉशिंग्टनला नेऊन सोडू नका, वरळीपर्यंत परत आणा.

आता उपायवाले लेखक. बिल गेट्स यांनी 2021 च्या पुस्तकात वर्षाला 51 अब्ज टन हरितगृह वायूंवरून शून्यावर यायचं असं गणित मांडलं आणि ‘हरित जादा किंमत’ ही कल्पना पुढे आणली: स्वच्छ पर्यायासाठी किती पैसे जास्त मोजावे लागतात? मराठी लेखात ही कल्पना अमेरिकन सिमेंटच्या उदाहरणाने समजावू नका. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने 2021 मध्ये ग्राहकांना पूर्ण हरित वीज मागण्याची सोय दिली, तेव्हा जादा दर युनिटला 66 पैसे होता. महिन्याला 300 युनिट वापरणाऱ्या घराला 198 रुपये. आजचा दर छापण्याआधी तपासा. आणि लगेच हेही लिहा, की या पर्यायाने कोळशाचं केंद्र आपोआप बंद होत नाही.

पॉल हॉकेन यांच्या 2017 च्या ‘ड्रॉडाउन’मध्ये उपायांना क्रमांक होते, आणि पहिला क्रमांक पवनचक्कीला नव्हता, फ्रिज-एसीतल्या वायूंच्या व्यवस्थापनाला होता. मुंबईसाठी हे सोनं आहे. दीड टनाच्या एसीत साधारण एक किलो वायू असतो. आर-410ए असेल तर तो एक किलो हवेत सुटणं म्हणजे सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड. आर-32 असेल तर पाऊण टनाच्या आत. मुंबईच्या हवामान कृती आराखड्यानुसार 2019 मध्ये माणशी वार्षिक उत्सर्जन 1.8 टन होतं. म्हणजे दर उन्हाळ्यात ‘गॅस भरून देतो साहेब’ म्हणणारा मेकॅनिक एका भेटीत एका मुंबईकराचा वर्षाचा हिशेब उडवू शकतो. चौथा रकाना इथे पूर्ण भरतो: एसीत वायू कमी झाला तर आधी नायट्रोजन दाबाने गळती शोधायला सांगा, जोड दुरुस्त करून घ्या, मग भरा, जुना एसी भंगारात देताना वायू बाहेर सोडू न देता सिलिंडरमध्ये काढून घ्यायला सांगा, नवा घेताना मागच्या पट्टीवर वायूचं नाव वाचा.

जोनाथन सॅफ्रन फोअर यांच्या 2019 च्या पुस्तकातला उपाय मात्र इथे जपून हाताळा. रात्रीच्या जेवणाआधी प्राणिजन्य काही खायचं नाही, असं ते सांगतात. मराठीत त्याचं ‘शाकाहारी व्हा’ होतं, आणि तो मूळ मुद्दाच नाही: त्यांच्या हिशेबात दूधही आलं, म्हणजे सकाळचा चहाही गेला. दुसरं असं, की मांसमच्छी खाणाऱ्याला घर नाकारणाऱ्या सोसायट्या ज्या शहरात आहेत, तिथे ताटाचा उपदेश हवामानाचा राहत नाही, जातीधर्माचा होतो. आपल्याकडे माणशी मांस खाण्याचं प्रमाण तसंही कमी आहे. माझं मत विचाराल तर हा धागा सोडून द्या, अन्नाची नासाडी घ्या. ती लग्नाच्या हॉलमध्ये मोजता येते.

लेखाची रचना उलटी करा. शेवटचं पान आधी लिहा. आराखड्यानुसार मुंबईच्या 2019 च्या 2.34 कोटी टन उत्सर्जनात जवळपास 72 टक्के इमारतींसारख्या ठिकाणी वापरलेल्या ऊर्जेचं, 20 टक्के वाहतुकीचं, 8 टक्के कचऱ्याचं होतं, आणि शहराची वीज मुख्यतः कोळशाची. मग कृती विजेचीच असायला हवी, झाडांच्या वाटपाची नको. उदाहरणार्थ, सोसायटीच्या गच्चीवर 20 किलोवॉटचे सौर पॅनेल. सावली नसलेली सुमारे 2,000 चौरस फूट जागा लागते. पाण्याची टाकी आणि लिफ्टची खोली यांची सावली वजा करायला लोक विसरतात. वर्षाला साधारण 28 हजार युनिट मिळतात, जून ते सप्टेंबरात उत्पादन पडतं. युनिटमागे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरून 20 टनांच्या आसपास बचत. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटला 18 हजार रुपये अनुदान ठेवलं आहे, म्हणजे 3.6 लाख. जुनी इमारत असेल तर आधी संरचनेची तपासणी, आणि सांगाडा वादळी वाऱ्याला टिकेल असा. बहुतेक प्रस्ताव पैशावर अडत नाहीत, सर्वसाधारण सभेत ‘गच्ची कुणाची’ यावर अडतात. तो ठराव कसा मांडायचा याचा नमुना लेखात द्या. एक पायरी वरची कृती: वीज कंपनीच्या दरप्रस्तावावर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन सूचना-हरकती मागवल्या जातात, आणि वीज नियामक आयोग सुनावणी घेतो. सामान्य ग्राहक लिहू शकतो, मराठीत लिहू शकतो.

आकड्यांच्या चुका नेहमी त्याच होतात, म्हणून त्या भराभर. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे अब्ज, गिगाटन म्हणजे अब्ज टन. कार्बनचे टन आणि कार्बन डायऑक्साइडचे टन वेगळे, कार्बनच्या टनांना 3.67 ने गुणलं की कार्बन डायऑक्साइडचे टन मिळतात. फॅरेनहाइटमधला फरक सेल्सिअसमध्ये आणताना 32 वजा करायचे नाहीत, 2.7 फॅरेनहाइटची वाढ म्हणजे 1.5 सेल्सिअस. गेट्स यांचे 51 अब्ज टन सर्व हरितगृह वायूंचे, 2018 च्या अहवालातले 45 टक्के फक्त कार्बन डायऑक्साइडचे; एका वाक्यात जोडू नका. मुंबईच्या 1.8 टनांत शहराबाहेर बनलेलं सिमेंट-पोलाद नाही, तेव्हा ‘मुंबईकर किती साधा’ असा निष्कर्ष काढू नका. उष्णतेच्या लाटेसाठी हवामान खातं किनारपट्टीवर 37 अंशांचा उंबरठा धरतं, विदर्भासारखा 40 चा नाही. दमट हवेत घाम सुकत नाही म्हणून.

ऋतूंचा धागा मराठी वाचकाला सगळ्यात जवळचा, आणि तिथेच घसरायला होतं. 26 मे 2025 ला मुंबईत मोसमी पाऊस आला, नेहमीच्या 11 जूनच्या खूप आधी. ‘मृगाआधीच पाऊस, हाच हवामानबदल’ हे वाक्य मोहक आहे, पण एका वर्षाने काही सिद्ध होत नाही. त्यापेक्षा पक्का पुरावा असा, की हवामान खात्याने 2020 मध्ये नव्या नोंदींच्या आधारे परतीच्या पावसाची मुंबईची सरासरी तारीख सप्टेंबरअखेरीवरून 8 ऑक्टोबरवर नेली. नवरात्रात छत्री का लागते, हे त्यातून कळतं.

लेख देताना संपादकांना दोन गोष्टी लेखी कळवा. मुखपृष्ठावर किंवा आत जळती पृथ्वी, बुडालेलं गेट वे, संगणकाने रंगवलेली प्रलयाची चित्रं नकोत. पंपिंग स्टेशनचा, गच्चीवरच्या पॅनेलचा किंवा गळती शोधणाऱ्या मेकॅनिकचा फोटो द्या. आणि शीर्षक तुम्हाला दाखवल्याशिवाय बदलू नये, कारण आत सगळं मोजूनमापून लिहिलं तरी वर ‘मुंबई बुडणार!’ छापलं, की वाचक तेवढंच वाचतो. दरांचे आणि अनुदानाचे आकडे छपाईच्या आठवड्यात पुन्हा एकदा तपासून घ्या. अंक दिवाळीत येतो, मजकूर बहुधा गणपतीआधीच गेलेला असतो.